टरफलांनी रंग धरला, पण कोणता? एका सूतरंगाई कारखान्याच्या सांडपाण्याचे प्रकरण

या प्रकरणात मी सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होतो, त्यामुळे खाली नोंदवलेल्या चुकांपैकी निदान दोन माझ्याच आहेत. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. रसायनशास्त्राला मात्र हात लावलेला नाही.

पार्श्वभूमी

कारखाना मध्यम आकाराचा होता आणि तिथे दोन प्रकारचे सूत रंगवले जात असे. सुती धाग्यासाठी रिॲक्टिव्ह रंग वापरले जात आणि ॲक्रिलिक धाग्यासाठी बेसिक, म्हणजे पाण्यात धनभारित होणारे, रंग वापरले जात. सुती विभागातून दिवसाला सुमारे ६०,००० लिटर पाणी बाहेर पडे आणि ॲक्रिलिक विभागातून सुमारे ८,००० लिटर. दोन्ही पाणी एकाच गटारातून एकाच संकलन टाकीत येई, तिथून तुरटी व चुना घालून गाळ बसवला जाई, पुढे हवेच्या टाकीत जिवाणूंकडून प्रक्रिया होई आणि मग पाणी बाहेर सोडले जाई. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप, बहुतेक दिवस मर्यादेत असे. रंग मात्र नसे.

याचे कारण रिॲक्टिव्ह रंगाच्या स्वभावातच आहे. हा रंग कापसाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, म्हणूनच तो धुतल्यावर जात नाही. पण ज्या गटाने तो सेल्युलोजशी जुळतो त्याच गटाने तो बाथमधल्या, म्हणजे रंगाच्या टाकीतल्या, पाण्याशीही जुळू शकतो, आणि एकदा पाण्याशी जुळला की धाग्यावर बसण्याची त्याची क्षमता संपते. रंगाचा गट, शेड (रंगछटा) आणि पद्धत यांनुसार दहाव्या हिश्शापासून कधी कधी निम्म्यापर्यंत रंग असा वाया जातो. या रेणूंवर ऋणभारित सल्फोनेट गट असल्यामुळे ते पाण्यात अतिशय विद्राव्य असतात, तुरटीला दाद देत नाहीत, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य ॲझो वर्गातले असल्यामुळे हवेच्या टाकीतल्या जिवाणूंनाही ते सहजासहजी फुटत नाहीत. शिवाय बऱ्याच रंगांची लिटरला एखादा मिलिग्रॅम इतकी अल्प मात्राही डोळ्याला दिसते. इतर कोणतेही प्रदूषक इतकी चुगली करत नाही.

नियामक यंत्रणेची रंगाबद्दलची दुसरी नोटीस आली तेव्हा मालकांनी ॲक्टिव्हेटेड कार्बनची (सक्रिय कोळशाची) चौकशी केली, खर्च ऐकला आणि स्वस्त पर्याय शोधायला लागले. लाकडाचा भुसा, भाताचे तूस, उसाचा चोथा, शेंगांची टरफले, फळांच्या साली अशा टाकाऊ वनस्पतिजन्य पदार्थांनी रंग काढण्यावर प्रचंड लिखाण झालेले आहे, आणि त्यातले आकडे मोहात पाडणारे असतात: एक ग्रॅम पदार्थाने शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त रंग धरल्याचे दाखले सहज सापडतात. लाकूड कापण्याच्या गिरणीतला भुसा जवळजवळ फुकट मिळण्यासारखा होता. मालकांचा प्रश्न साधा होता: हा भुसा संकलन टाकीत टाकून भागेल का?

पहिली चाचणी

आम्ही संकलन टाकीतून वीस लिटर पाणी घेतले, चाळलेला भुसा लिटरला दहा ग्रॅम या प्रमाणात मिसळला, दोन तास ढवळले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी वरचे पाणी फिकट पिवळसर होते आणि तळाशी गडद निळा-काळा थर बसला होता. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दृश्य पट्ट्यातले प्रकाशशोषण मूळ पाण्याच्या पाव हिश्शाच्याही खाली उतरले होते. तो निकाल मी मान्य केला, आणि मालकांनी त्याच आठवड्यात भुशाचा एक ट्रक मागवला.

पुढच्या दोन आठवड्यांत तीच चाचणी चार वेळा केली आणि एकदाही तसा परिणाम मिळाला नाही. लाल शेडच्या दिवशी तर पाण्याचा रंग जेमतेम उतरला, उलट त्याला तपकिरी झाक आली. आम्ही भुशाची जाडी बदलली, प्रमाण दुप्पट केले, ढवळण्याचा वेळ वाढवला. आम्ही चुकीच्या गोष्टीला हात घालत होतो.

उलगडा ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, काम करणाऱ्या ऑपरेटरच्या एका वाक्यातून झाला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता की टाकीवर अधूनमधून रंगाची साय येते आणि ती भिंतीला चिकटली की ब्रशनेही निघत नाही. ते वाक्य आम्ही टाकीच्या स्वच्छतेची तक्रार समजून सोडून दिले होते. तीन आठवड्यांनी त्याच्या नोंदवहीतल्या ‘साय’ आलेल्या तारखा रंगशाळेच्या लॉट रजिस्टरशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या सगळ्या तारखांना ॲक्रिलिक विभागात गडद काळ्या किंवा नेव्ही शेड होत्या आणि सुती विभागात फिक्या. पहिल्या चाचणीचा दिवसही त्यातलाच होता.

बेसिक रंगाचा धनभारित रेणू आणि रिॲक्टिव्ह रंगाचा ऋणभारित रेणू समोरासमोर आले की एकमेकांचा भार खोडून टाकतात आणि पाण्यात न विरघळणारी जोडी बनते. दोन्हींचे प्रमाण बरोबरीला आले की ही जोडी चिकट थर होऊन बसते. सुती रंग बराच जास्त असेल, म्हणजे बहुतेक दिवशी, तेव्हा तिचा परिणाम जाणवतही नाही. खात्रीसाठी आम्ही पुढच्या वेळी गडद ॲक्रिलिक लॉट आला त्या दिवशी दोन बरण्या भरल्या, एकीत भुसा घातला आणि दुसरीत काहीच नाही. सकाळी दोन्ही बरण्यांच्या तळाशी जवळजवळ सारखाच थर होता. पहिल्या दिवशी भुसा न घातलेली एक बरणी शेजारी ठेवली असती तर ट्रकचा खर्च आणि तीन आठवडे वाचले असते, हे नोंदवायला हवे.

नेमकी अडचण काय होती

कच्चा भुसा, तूस किंवा टरफल यांचा पृष्ठभाग प्रामुख्याने सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा असतो. त्यावर कार्बोक्सिल गट असतात जे सामू (पीएच) साडेचार-पाचच्या आसपास हायड्रोजन सोडतात, आणि फिनॉलचे गट असतात जे नऊ-दहाच्या पुढे सोडतात. म्हणजे उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात हा पृष्ठभाग ऋणभारित असतो. धनभारित रंग त्याच्याकडे ओढला जातो आणि ऋणभारित रंग दूर लोटला जातो. संशोधनातले बहुतेक मोठे आकडे मिथिलीन ब्लू या रंगावर घेतलेले असतात, जो धनभारित आहे, स्वच्छ ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेला असतो आणि ६६४ नॅनोमीटरवर सोयीस्करपणे मोजता येतो. तो चाचणीचा रंग म्हणून उत्तम आहे. कारखान्याच्या गटारातून येणाऱ्या रंगाचा तो प्रतिनिधी असेलच असे नाही.

या कारखान्यात दिवसाच्या वाया जाणाऱ्या रंगापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रंग ऋणभारित होता आणि तो सामू ११ च्या, मिठाने भरलेल्या पाण्यात येत होता. भुशासाठी याहून प्रतिकूल पाणी शोधूनही सापडले नसते.

तपासलेले पर्याय

मालकांना पटण्यासाठी आम्ही कागदावर साधी त्रैराशिके मांडली. सुती विभागाच्या ६०,००० लिटरमध्ये सरासरी लिटरला १५० मिलिग्रॅम रंग धरला तर रोजचा रंग ९ किलो होतो. आमच्या चाचण्यांत कच्च्या टरफलांनी या अल्कधर्मी पाण्यातला रंग ग्रॅमला २ मिलिग्रॅमही धरला नाही. दोन धरला असे मानले तरी रोज साडेचार टन कोरडा माल लागणार, आणि तो भिजून बाहेर पडताना त्याचे वजन दुप्पट-तिप्पट होणार. फुकट भुसाही या हिशेबात फुकट राहत नाही.

पाणी आम्ल करून सामू २ ते ३ वर आणला तर पृष्ठभागावरचे गट हायड्रोजन पकडतात, ऋणभार नाहीसा होतो आणि रिॲक्टिव्ह रंग बऱ्यापैकी बसतो. अनेक लेखांत हीच अट असते, फक्त ती सारांशात ठळक दिसत नाही. मात्र सुती पाण्यात लिटरला सरासरी २ ग्रॅम सोडा ॲश, म्हणजे रिॲक्टिव्ह रंग बसवायला लागणारी अल्कली, होती, म्हणजे दिवसाला १२० किलो. ती नुसती उदासीन करायलाच सुमारे १११ किलो सल्फ्युरिक आम्ल लागले असते, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने टाकी फेसाळली असती, आणि शेवटी पाणी पुन्हा सामू ७ वर आणायला आणखी अल्कली लागली असती. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, वाढले असते ते वेगळेच. मालकांनी हा पर्याय ऐकतानाच नकारार्थी मान हलवली, आणि ते बरोबर होते.

तिसरा पर्याय टरफलांवर धनभारित गट बसवण्याचा होता. क्वाटर्नरी अमोनियम गट जोडलेली टरफले ऋणभारित रंग चांगला धरतात, पण ती बनवायला लागणारी रसायने हाताळायला घातक असतात, आणि मिठातले क्लोराइड व सल्फेट त्याच जागांसाठी रंगाशी स्पर्धा करतात. ज्या कारखान्यात मुखवटा आणि हातमोजे यांची शिस्त अजून रुजायची होती तिथे मी हा पर्याय सुचवणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. टरफले जाळून स्वतःच कोळसा करण्याची कल्पनाही निघाली. फॉस्फोरिक आम्लात भिजवून ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला सक्रिय केलेल्या कोळशाचे पृष्ठफळ कच्च्या टरफलाच्या शेकडो पट असू शकते, पण त्यासाठी भट्टी, धुराची व्यवस्था आणि आम्ल धुऊन काढण्याची सोय लागते. सांडपाण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी दुसरा एक कारखाना काढावा लागला असता.

उरला तो पर्याय सर्वांत कंटाळवाणा होता: दोन्ही पाणी वेगळे करणे. ॲक्रिलिकचे ८,००० लिटर पाणी स्वतंत्र पाइपने वेगळ्या टाकीत घ्यायचे आणि वनस्पतिजन्य माल फक्त तिथेच वापरायचा. सुती पाण्यासाठी तुरटीसोबत धनभारित पॉलिमर वापरायचा, जो रिॲक्टिव्ह रंगाशी जवळजवळ तसाच वागतो जसा ‘साय’ आणणारा बेसिक रंग वागत होता. एका अर्थाने टाकीच्या भिंतीवर निसर्गतः घडणाऱ्या गोष्टीचीच मदत घ्यायची होती, फक्त ती मोजून.

निर्णय घ्यायला महिना लागला. वेगळी पाइपलाइन म्हणजे फरशी फोडणे, आणि फरशी फोडणे म्हणजे दोन दिवस उत्पादन बंद. ‘स्वस्त’ उपाय मागायला गेलेल्या मालकांना सर्वांत आधी प्लंबरचे बिल दिसले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला खरा निर्णय हाच होता. पुढचे सगळे त्याच्या अंमलबजावणीचे तपशील होते.

कार्यवाही

मालाची निवड

भुसा, तूस आणि शेंगदाण्याची टरफले असे तीन पदार्थ शेजारी शेजारी तपासले, आणि या वेळी प्रत्येकाबरोबर नुसत्या पाण्याची एक बरणी ठेवली. भुशाच्या बरणीतले पाणी तासाभरात चहासारखे झाले. टॅनिन आणि इतर विद्राव्य पदार्थ सुटत होते आणि पाण्याचा सीओडी वाढवत होते. ॲक्रिलिकवर पिवळ्या, लाल आणि निळ्या अशा तीन मूळ रंगांच्या मिश्रणातून शेड बांधल्या जात, ज्यांची शोषणशिखरे साधारण ४४०, ५३० आणि ६१० नॅनोमीटरला येत. टॅनिनचा तपकिरी रंग नेमका ४४० च्या बाजूला मोजला जातो, त्यामुळे आधीच्या चाचण्यांत ‘पिवळा रंग निघत नाही’ असे जे दिसत होते त्यातला काही भाग रंग नव्हताच, भुशाचा अर्क होता. शिवाय गिरणीच्या भुशात प्लायवूड आणि इतर चिकटवलेल्या फळ्यांचा भुसा मिसळलेला होता, आणि त्यातल्या रेझिनचे काय होईल याची हमी कोणी देईना.

भाताच्या तुसाने पाणी फारसे रंगवले नाही, पण त्याच्या बाहेरच्या थरात सिलिका भरपूर असते आणि तो थर रंगाला आत शिरू देत नाही. अल्कलीने तो सैल करता येतो, पण मग ते अल्कधर्मी काळे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उभा राहतो. टरफले मधली निघाली: दळायला सोपी, सच्छिद्र आणि दोनदा गरम पाण्याने धुतली की बऱ्यापैकी शांत. सायट्रिक आम्लात भिजवून १२० अंशांना तापवलेल्या टरफलांची क्षमता प्रयोगशाळेत स्पष्टपणे वाढली, कारण त्यामुळे पृष्ठभागावर जादा कार्बोक्सिल गट येतात. ती वाढ खरी होती, तरी आम्ही सोडून दिली. धुतलेल्या टरफलांनी काम भागत होते आणि दर आठवड्याला आम्ल, ओव्हन आणि परत धुलाई सांभाळणारा माणूस नव्हता.

स्तंभ की टाकी

मी पहिल्यांदा स्तंभ सुचवला, आणि ही माझी दुसरी चूक. दीड मीटर उंचीच्या पिंपात टरफलांची पूड भरली आणि वरून पाणी सोडले. पहिल्या दिवशी खालून स्वच्छ पाणी आले. दुसऱ्या दिवशी पूड फुगली आणि प्रवाह निम्म्यावर आला. तिसऱ्या दिवशी पाणी पिंपाच्या कडेने एका बारीक वाटेने धावू लागले. पिंप उघडले तेव्हा मध्यभागी कोरा, फिकट तपकिरी माल होता आणि एका बाजूला बोटभर रुंदीची निळी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. सर्व रंग त्या रेघेतून निसटत होता. आठवड्याने त्यात बुरशीचा वास यायला लागला.

त्यानंतर दोन ढवळटाक्यांची पद्धत घेतली. तिच्यामागचा हिशेब सांगण्यासारखा आहे. अधिशोषकाची, म्हणजे पृष्ठभागावर रंग धरणाऱ्या पदार्थाची, जी कमाल क्षमता लेखांत छापतात ती लॅंगम्युअर यांच्या समीकरणावरून काढलेली असते, ज्याची मूळ मांडणी १९१८ सालची आहे, आणि ती पाण्यात रंग भरपूर शिल्लक असतानाची असते. आपल्याला मात्र पाणी जवळजवळ रंगहीन करून सोडायचे असते. प्रत्यक्ष पाण्यावर आमच्या टरफलांची कमाल क्षमता ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आली आणि समीकरणातला स्थिरांक ०.१ लिटर प्रति मिलिग्रॅम. याचा अर्थ पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम रंग शिल्लक असताना एक ग्रॅम टरफल ३४ मिलिग्रॅम धरते, पण शिल्लक रंग २ मिलिग्रॅमवर आणायचा असेल तेव्हा तेच टरफल फक्त ६.७ मिलिग्रॅम धरते. एकाच टाकीत काम केले तर ८,००० लिटरला रोज सुमारे ७० किलो टरफले लागतात, आणि ती बहुतांशी रिकामीच फेकावी लागतात.

म्हणून ताजी टरफले आधी दुसऱ्या टाकीत, अर्ध्या स्वच्छ झालेल्या पाण्यात घालायची, तिथून काढून तीच पहिल्या टाकीत, ताज्या रंगीत पाण्यात घालायची, आणि मगच टाकून द्यायची असे ठरले. कागदावर गरज १८ किलोंवर आली. प्रत्यक्षात दोन तासांत समतोल पूर्ण साधत नाही आणि पिशवीत माल दबतो, त्यामुळे ती सुरुवातीच्या आठवड्यांत ३० किलोंच्या आसपास राहिली. पूड अर्धा ते एक मिलिमीटरची ठेवली. त्याहून बारीक पूड रंग भराभर धरते, पण मग ती पाण्यातून गाळता गाळता ऑपरेटरचा दिवस जातो. गाळणीच्या कापडी पिशव्यांत भरून ती टाकीत टांगण्याची युक्ती ऑपरेटरचीच.

सामू आणि मंदक

ॲक्रिलिकचा बाथ ॲसेटिक आम्लाने साडेचारच्या आसपास ठेवलेला असतो, आणि त्या सामूला टरफलावरचे निम्मेच कार्बोक्सिल गट कामाला येतात. थोडा सोडा घालून पाणी साडेसहावर आणल्यावर क्षमता लगेच सुधारली. एक गोष्ट मात्र सुधारत नव्हती. शुद्ध रंगाच्या द्रावणात हीच टरफले ग्रॅमला ९० मिलिग्रॅमपर्यंत रंग धरत होती आणि प्रत्यक्ष पाण्यात त्याच्या निम्माही नाही.

डायिंग मास्टरांशी चहाच्या वेळी झालेल्या बोलण्यात ‘रिटार्डर’ हा शब्द आला. बेसिक रंग ॲक्रिलिकवर फार वेगाने चढतो आणि डाग पडतात, म्हणून बाथमध्ये एक मंदक घालतात, जो स्वतः धनभारित असतो आणि धाग्यावरच्या जागा आधी अडवून ठेवतो. तोच मंदक सांडपाण्यात उतरून टरफलांवरच्या जागाही अडवत होता. अधिशोषकाच्या दृष्टीने तोही एक रंगच, फक्त न दिसणारा. ॲक्रिलिकचे तंतू पाण्यात साधारण ८० अंशांच्या पुढे सैल होतात आणि रंग तिथून झपाट्याने आत जातो. तो टप्पा सावकाश तापवला तर मंदक कमी लागतो. डायिंग मास्टरांनी फिक्या शेडना हे करून पाहिले आणि मंदकाची मात्रा उतरवली. गडद शेडना त्यांनी नकार दिला, आणि लॉट बिघडला तर जबाबदारी त्यांची असल्याने तो नकार रास्त होता.

वापरलेल्या मालाचे काय

सुरुवातीचे तीन आठवडे वापरलेली ओली टरफले कारखान्यामागे ढीग करून ठेवली होती. एका पावसानंतर ढिगाखालून निळा-जांभळा ओहोळ वाहत अंगणातल्या पावसाळी गटारापर्यंत गेला. पाण्यातून काढलेला रंग आम्ही मोकळ्या जागेवर नेऊन ठेवला होता, एवढेच.

खत करण्याची सूचना दोघांनी केली. रंगाने भरलेला माल मातीत घालणे आम्ही मान्य केले नाही. बॉयलरमध्ये जाळण्याची सूचना अधिक मोहाची होती, कारण कोरडी टरफले चांगले इंधन आहेत. पण काही बेसिक रंग जस्त क्लोराइडच्या दुहेरी क्षाराच्या रूपात विकले जातात, त्यांची राख जस्ताने भरते आणि साध्या बॉयलरच्या तापमानात रेणू पूर्ण जळतीलच असे नाही. पुरवठादाराकडून प्रत्येक रंगाची माहितीपत्रके मागवली, त्यांपैकी दोन रंगांत जस्त निघाले. अखेर माल छपराखाली वाळवून घातक कचऱ्याच्या परवानाधारक यंत्रणेकडे पाठवण्याचे ठरले. त्याचा दर वजनावर आहे, आणि तो टरफलांच्या खरेदी-दळणाच्या खर्चापेक्षा जास्त आहे. अर्थात माल कोरडा करणे ही आता काटकसरीची बाब झाली. ओला माल पाठवणे म्हणजे पाण्याचे वजन जाळण्यासाठी पैसे मोजणे.

निष्पत्ती

ॲक्रिलिकचे पाणी दुसऱ्या टाकीतून बहुतेक दिवस डोळ्याला रंगहीन दिसते. गडद काळ्या लॉटच्या दिवशी टरफले ४५ किलोंपर्यंत लागतात. त्या पाण्याचा सीओडी फारसा उतरलेला नाही, कारण त्यातला मोठा वाटा ॲसेटिक आम्लाचा आहे आणि ते टरफलांवर बसत नाही. ते पुढे जिवाणू सहज खातात. टीडीएसवर काहीच परिणाम नाही, आणि तो होणार नाही हे आम्ही मालकांना लेखी सांगितले होते, कारण अधिशोषणाने मीठ निघत नाही.

सुती पाण्याचा रंग पॉलिमरने बराच उतरला, पण गाळ वाढला आणि त्याचा खर्च वेगळा मांडावा लागतो. अंतिम निकासावरचा रंग आता बहुतेक दिवस मर्यादेत असतो. संकलन टाकीवरची साय गेली, आणि ऑपरेटरच्या मते सर्वांत मोठी सुधारणा तीच.

काय वेगळे करता आले असते

पाणी कोणकोणत्या यंत्रातून, कोणत्या सामूला, कोणत्या रंगासह येते याची दोन आठवड्यांची नोंद भुशाचा पहिला ग्रॅम तोलण्याआधी व्हायला हवी होती. ती माहिती रंगशाळेच्या रजिस्टरमध्ये होती, मागायची राहिली. दुसरे, प्रयोगशाळेत शुद्ध रंगावर घालवलेला पहिला आठवडा फुकट गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्या ९० आणि ४० मधल्या फरकानेच मंदकाचा माग लागला. पण तो आकडा खर्चाच्या अंदाजात वापरणे चूक होते. तिसरे, वापरलेल्या मालाच्या विल्हेवाटीचा दर पहिल्या बैठकीत टेबलावर असता तर कदाचित मालकांनी टरफलांऐवजी ॲक्रिलिक पाण्यासाठी थोडा विकतचा कार्बनच घेतला असता. ८,००० लिटरसाठी तो हिशेब अजूनही एकतर्फी नाही, आणि टरफलांचा दर वर गेला तर पुन्हा मांडावा लागेल.

मंदकाच्या बाबतीत रंगशाळेला पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवले नाही ही बाब मला अधिक खटकते. सांडपाणी हा ईटीपीचा विषय आणि शेड हा डायिंग मास्टरांचा, अशी वाटणी तिथे वर्षानुवर्षे होती आणि आम्हीही ती न विचारता पाळली.

मूळ ट्रकातला भुसा अजून गोदामात पोत्यांत पडून आहे. त्यातली काही पोती यंत्राखाली सांडलेले तेल टिपायला वापरली जातात.